परलोकाच्या भरवशावर इथलं काय काय सोडायचं?

उंबरठा

बाबा गेले त्याला आता चार महिने होतील. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण मनातून जात नाही म्हणून लिहिते.

बाबांनी डोळे दान करायचं ठरवलं होतं. फॉर्म भरून दहा वर्षं झाली होती. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी ते गेले. नेत्रपेढीला फोन केला, त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं: पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन डोकं जरा उंच ठेवा. सहा तासांच्या आत बुबुळं काढावी लागतात. मी आणि भाऊ, आम्ही दोघांनी ते सगळं केलं. आणि त्यांनी हेही सांगितलं की फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांची संमती लागते.

साडेचारला काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना कळलं तेव्हा ते बाबांच्या उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, "दादाला डोळ्यांशिवाय पाठवायचं? पुढच्या जन्मी तो आंधळा येईल. मी जिवंत असताना हे होऊ देणार नाही." आई सुन्न होती, ती काहीच बोलली नाही. भाऊ बोलला, मी बोलले, मग ओरडाआरडा झाला, मग रडारड. मधे मधे मी जाऊन कापसावर पाण्याचे थेंब सोडत होते, तो वाळायला लागला की पुन्हा. नेत्रपेढीतून दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा मीच फोन करून सांगितलं की नका येऊ. दहा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा मी कापूस काढला.

काका वाईट नाहीत. शेवटच्या दोन रात्री दवाखान्यात तेच बसले होते, बाबांचे पाय चेपत. गीतेचा दुसरा अध्याय त्यांना तोंडपाठ आहे. शरीर म्हणजे जुनं वस्त्र, आत्मा ते टाकून नवं घेतो, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं. मग टाकून दिलेल्या वस्त्राचं एक बटण दुसऱ्याच्या कामी आलं तर आत्म्याचं काय अडतं, हे त्या सकाळी मला विचारायचं होतं. सुचलं नाही. त्यांना बाबांचे पुढच्या जन्मीचे डोळे दिसत होते आणि याच शहरात यादीत नाव लावून बसलेली दोन माणसं दिसत नव्हती, एवढंच मला सारखं आठवत राहतं.

मी स्वतः नास्तिक नाही. बाबा कुठेतरी आहेत असं मला आजही वाटतं. म्हणून प्रश्न अगदी मनापासून विचारते आहे. मेल्यानंतर काहीतरी आहे हे मानलं की इथल्या माणसांची जबाबदारी आपण सैल सोडतो का? की दोष दुसऱ्याच कशाचा आहे?

शून्यबिंदू

तुमच्या बाबांना आदरांजली. त्यांचा निर्णय मोठा होता.

प्रश्नाचं उत्तर मात्र मी सरळ देतो: हो, सैल सोडतो. 'हे जग म्हणजे धर्मशाळा, दोन दिवसांचा मुक्काम' हे वाक्य आपण सगळे ऐकत मोठे झालो. धर्मशाळेचं छप्पर गळत असेल तर वर चढून कौलं कोण बदलतं? उद्या निघायचंच आहे, अंथरूण कोरड्या कोपऱ्यात सरकवलं की झालं.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या धर्मोपदेशकाचे अनुयायी होते. २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी ख्रिस्त परत येणार अशी त्यांची खात्री होती. त्यांच्यातल्या काही शेतकऱ्यांनी त्या हंगामात शेतातलं उभं पीक काढलंच नाही, कारण हिवाळा येणारच नव्हता. २३ तारीख उजाडली, हिवाळाही आला. हे जुनं झालं म्हणावं, तर २०१३ साली दोन राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्याच लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ख्रिस्ताचं पुनरागमन मानणाऱ्यांचा हवामानबदलावर सरकारने पावलं उचलण्याला पाठिंबा इतरांपेक्षा कमी निघाला. ज्याला शंभर वर्षांनंतरचं जगच दिसत नाही, तो त्या जगासाठी आज पदरमोड का करेल?

तुमच्या काकांचं प्रेम खरं होतं हे मान्य. पण त्या प्रेमाला दिशा त्यांच्या श्रद्धेने दिली.

सांजवारा

शून्यबिंदू, धर्मशाळेचा दाखला तुम्ही दिलात म्हणून एक विचारते. त्या धर्मशाळा बांधल्या कुणी? ज्यांना पुण्य जोडायचं होतं, वर जाऊन हिशेब द्यायचा होता, त्यांनीच ना? आपल्याला कधीच न भेटणाऱ्या वाटसरूसाठी विहीर खणणारा माणूस परलोक मानणाराच होता.

माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. आई त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. तो आपल्याला भेटणार यावर तिचा एवढा विश्वास होता की ती त्याच्याबद्दल कायम 'परगावी आहे' अशा सुरात बोलायची. पहिलं वर्षभर ती अंथरुणातून उठत नव्हती. मग एक दिवस उठली आणि शेजारच्या दोन मुलांना वाचायला शिकवायला बसली. अक्षरं न लागणारी मुलं होती ती, शाळेने आशा सोडलेली. पुढे पुढे दहा-बारा मुलं यायला लागली. मी एकदा तिला विचारलं, कशाला एवढा जीव काढतेस? ती म्हणाली, "तो भेटला की विचारेल, आई, एवढी वर्षं काय केलंस? मी काय सांगू, रडत होते?"

हे कुणी माझ्या आईपासून काढून घेतलं असतं तर ती मुलं वाचायला शिकली नसती. एवढंच मला माहीत आहे.

पाऊलखुणा

सांजवारा, तुमच्या आईंना नमस्कार. डोळ्यात पाणी आलं.

जुना_वाचक

दोन्ही बाजू वाचल्या. इतिहासातला एक प्रसंग या प्रश्नावर इतका नेमका बसतो की सविस्तर लिहितो.

१ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. भूकंप झाला. इमारती कोसळल्या, सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, नदीच्या मोकळ्या काठाकडे धावलेल्या लोकांवर समुद्राची लाट आली. शहर अनेक दिवस जळत होतं. नंतर 'पोंबालचा मार्क्विस' या सरदारकीच्या किताबाने ओळखला गेलेला मंत्री तेव्हा कामाला लागला. प्रेतं कुजून रोगराई पसरेल म्हणून धर्मगुरूंची संमती घेऊन ती समुद्रात नेऊन सोडली, धान्याचे भाव बांधून दिले. मग देशभरातल्या चर्चांना प्रश्नावली पाठवली: हादरा किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, समुद्र आधी वर आला की मागे सरला? नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घालायचं ठरलं, आणि तो टिकतो का हे बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात.

त्याच वेळी गाब्रिएल मालाग्रिदा नावाचा, जेसुइट या कॅथलिक संघाचा धर्मोपदेशक लोकांना सांगत होता की हा भूकंप देवाचा कोप आहे. १७५६ मध्ये त्याने तशी पुस्तिकाच काढली. याला नैसर्गिक कारणं आहेत म्हणणं हेच पाप, निवारे बांधण्यात शक्ती घालवण्यापेक्षा पश्चात्ताप करा, असा त्याचा आग्रह होता. उघड्यावर, पावसात, लहान मुलं घेऊन बसलेल्या माणसांना हे सांगितलं जात होतं.

इथपर्यंत शून्यबिंदूंचं म्हणणं खरं ठरतं. पण पुढचंही सांगायला हवं. त्या म्हाताऱ्या मालाग्रिदाला तुरुंगात टाकलं आणि १७६१ मध्ये चौकात गळा आवळून मारून जाळलं. यामागे पोंबालचंच राजकारण होतं. इहलोकाचा पक्ष घेतला की माणूस आपोआप दयाळू होतो, असं मानायला जागा नाही.

आणि दुसरा एक पाद्री. लंडन, १८५४, ब्रॉड स्ट्रीटच्या भागात कॉलरा. सहाशेहून जास्त माणसं गेली. पाण्याच्या पंपातून रोग पसरतो असं जॉन स्नो या डॉक्टरचं म्हणणं होतं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. हेन्री व्हाइटहेड हे नाव मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं. तिशीही न गाठलेला तिथला धर्मगुरू. रोज मरणाऱ्यांच्या उशाशी बसत होता, त्यांना परलोकाची वाट सुखाची व्हावी म्हणून प्रार्थना म्हणत होता. स्नोचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. ते खोडून काढायला तो दारोदार फिरला. वस्ती त्याच्या ओळखीची, त्यामुळे घाबरून दुसरीकडे राहायला गेलेल्यांनाही त्याने शोधून काढलं. कोण वाचलं, कोण गेलं, कुणी कुठलं पाणी प्यायलं. एकेका घरात चार-चार, पाच-पाच वेळा गेला. आणि स्वतःच्याच नोंदी बघून त्याला कबूल करावं लागलं की स्नो बरोबर आहे. साथीचं मूळही त्यालाच सापडलं: पंपाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरातलं एक तान्हं बाळ. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी आईने घरापुढच्या शोषखड्ड्यात टाकलं होतं. खणून पाहिलं तेव्हा खड्ड्यापासून पंपाची विहीर जेमतेम तीन फुटांवर निघाली, आणि खड्डा झिरपत होता.

मालाग्रिदा आणि व्हाइटहेड, दोघेही मेल्यानंतरचं जीवन मानणारे. एकाने निवारे बांधणाऱ्यांना थांबा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने शोषखड्डा शोधून काढला. त्यामुळे श्रद्धा आहे की नाही, एवढ्यावरून माणूस काय करेल ते सांगता येत नाही, असं माझं मत झालं आहे.

शून्यबिंदू

व्हाइटहेड माहीत नव्हता. आभार. पण पंपाचं सत्य त्याला प्रार्थनेतून सापडलं नाही, घरोघर फिरून प्रश्न विचारल्यावर सापडलं, हेही लक्षात घ्या.

जुना_वाचक

मान्य. पण दारं उघडली ती तो मरणाऱ्यांजवळ बसणारा होता म्हणून. तिऱ्हाइताला बाळाच्या लंगोटाबद्दल कुठली आई सांगते?

माळरान

मी सहसा लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या मुलीला जन्मतः ऐकू येत नाही. ती वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळायची नाही. मला शंका आली होती. घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपले की होईल नीट. काही विधी केले, वाट पाहिली. कुणी दुष्टपणाने नाही बोललं, सगळे तिला अंगाखांद्यावर खेळवत होते. वाट पाहण्यात तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी तपासणी झाली तेव्हा ऑडिओलॉजिस्ट बाईंनी फाइल मिटून ठेवली आणि मला विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" जन्मल्यावर काही दिवसांत होऊ शकणारी, काही मिनिटांची, न दुखणारी तपासणी असते ती. भाषा शिकायला मेंदू सगळ्यात तयार असतो तो पहिल्या तीन-चार वर्षांत. मग ती खुणांची भाषा असो की बोलण्याची. ती वर्षं आम्ही तिच्या मागच्या जन्माला देऊन टाकली.

आज ती अकरा वर्षांची आहे, हुशार आहे, चित्रं सुंदर काढते. पण एखादा शब्द तिला सापडत नाही तेव्हा ती मूठ कपाळावर आपटते, आणि मला ती तीन वर्षं दिसतात.

परलोक असेल तर असो, मला त्याच्याशी भांडण नाही. पण माझ्या मुलीच्या कानांचं उत्तर मागच्या जन्मात शोधायचा अधिकार कुणाला नव्हता.

उंबरठा

माळरान, तुम्ही लिहिलंत याबद्दल काय बोलू. मनापासून धन्यवाद.

रातपाळी

मी बारा वर्षं नर्स आहे, त्यातली सात मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या विभागात. तिथे परलोक हा वादाचा विषय नसतो. रात्री तीन वाजता माणूस हात धरून विचारतो, "मी कुठे जाणार?" मला उत्तर माहीत नसतं. ज्याला विश्वास असतो त्याचा श्वास कधीकधी शांत होताना मी पाहिलाय. मरताना 'मी पुरेसा चांगला नव्हतो' म्हणून त्याच विश्वासाने थरथरणारी माणसंही पाहिलीत.

पण एक वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नातेवाईक म्हणतात, "इंजेक्शन नको देऊ बाई, जेवढं सोसतील तेवढं पाप फिटेल." सोसणारा बोलू शकत नसतो. बोलणारा खुर्चीत बसलेला असतो.

या कामाला आज जे रूप आहे ते बरंचसं सिसिली साँडर्स यांच्यामुळे. आधी नर्स, मग चाळिशीला टेकताना डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये हॉस्पिस, म्हणजे अशाच रुग्णांसाठीचं रुग्णालय, सुरू केलं. अत्यंत श्रद्धाळू ख्रिश्चन. मृत्यूनंतर देवाची भेट आहे असं मानणाऱ्या. आणि त्यांचा हट्ट काय, तर दुखायला लागल्यावर रुग्णाने विव्हळून औषध मागायचं नाही. घड्याळ लावून, दुखणं परत यायच्या आधीच मॉर्फिनचा पुढचा डोस द्यायचा. वरचं सुख ठरलेलं आहे म्हणून इथला एक तासही वेदनेत जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. ड्यूटीवर औषधाची वेळ चुकली की मला त्या आठवतात.

पायवाट

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झालेला नाही असं नाही. भागवतात रंतिदेवाची गोष्ट आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर हाती आलेलं अन्न त्याने दारी आलेल्यांना वाटलं, उरलेलं पाणीही एका तहानलेल्या चांडाळाला दिलं, आणि म्हणाला, मला अष्टसिद्धी नकोत, पुनर्जन्मातून सुटकाही नको, सगळ्या जिवांच्या आत राहून त्यांचं दुःख मला भोगू दे. तुकोबा तर 'न लगे मुक्ति' म्हणून थेट देवाला सांगतात की खुशाल गर्भवासी घाल. परलोकाचं सगळ्यात मोठं बक्षीस समोर असताना ही माणसं इथे राहणं मागतात. आणि देहाचंच म्हणाल, तर दधीचीने स्वतःची हाडं दिली. त्याला पुढच्या जन्मी हाडं मिळतील का, असं कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. उंबरठा, हे काकांना सांगून बघा.

पैगंबरांच्या वचनांत एक आहे: कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर लावता येत असेल तोवर ते लावा. शून्यबिंदूंनी पीक न काढलेल्या शेतकऱ्यांचं सांगितलं, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा.

उंबरठा

तीन दिवस सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचते आहे. मला काय वाटतं ते आता थोडं नीट सांगता येईल.

सांजवारांच्या आई, रातपाळी यांचा रात्री तीन वाजताचा रुग्ण, या माणसांनी परलोक घेतला तो स्वतःच्या दुःखासाठी. त्यावर बोट ठेवायचा मला हक्क वाटत नाही. मालाग्रिदा, माळरानच्या घरातली मोठी माणसं, खुर्चीतला नातेवाईक, आणि हो, माझे काका, यांनी तो दुसऱ्याच्या दुःखावर लावला. पावसात बसला होता दुसराच, बहिरेपण होतं बाळाचं, डोळे हवे होते अनोळखी माणसाला. 'तिकडे भरपाई होईल' हे वाक्य स्वतःबद्दल म्हटलं तर धीर असतो. समोरच्याबद्दल म्हटलं की आपण त्याचा अर्ज न वाचता पुढच्या खात्यात पाठवून दिलेला असतो. मला वाटतं रेघ इथे ओढावी.

शून्यबिंदू

रेघ चांगली आहे, पण पुरत नाही. रोज मार खाणारी बाई म्हणते, "माझंच मागच्या जन्मीचं देणं आहे." ती स्वतःच्याच दुःखासाठी बोलते ना? तुमच्या नियमाप्रमाणे मग आपण गप्प बसायचं?

उंबरठा

नाही. गप्प नाही बसता येणार. इथे माझी रेघ तोकडी पडते, खरंय.

माळरान

मला वाटतं त्या बाईला हे वाक्य दिलं कुणी, ते बघावं. लग्नानंतर माहेरी रडत गेली असेल तेव्हा कुणीतरी ते तिच्या हातात ठेवलं असेल. मुलीच्या बाबतीत तिसऱ्या वर्षापर्यंत मीही म्हणायला लागले होते, माझेच भोग. ते शब्द माझे नव्हते, पण तोंड माझं होतं. सांजवारांच्या आईचं तसं नाही. तो विश्वास त्यांनी कुणी शांत बसवावं म्हणून घेतला नव्हता, त्या तर त्याने अंथरुणातून उठल्या.

शून्यबिंदू

यावर विचार करतो. उत्तर तयार नाही.

सांजवारा

माळरान, आईची एक जुनी अंकलिपी माझ्याकडे आहे, मोठ्या चित्रांची, शब्द आणि चित्र शेजारी शेजारी. तुमच्या लेकीला उपयोग होईल असं वाटतं. व्यक्तिगत निरोप पाठवते.

उंबरठा

काल काकांकडे गेले होते. दधीचीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तो ऋषी होता, दादा माझा भाऊ होता." मग बराच वेळ गप्प बसले. मी वाद घातला नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, मला फॉर्म भरायचा आहे, कधीपासून मनात आहे. काकांनी आतून ऐकलं असावं. बाहेर आले, चष्मा पुसत उभे राहिले. म्हणाले, "मी माझे देणार नाही. मला भीती वाटते, ती जात नाही. पण हिचं हिने ठरवावं, मी आडवा येणार नाही." मग काही वेळाने विचारलं, "ते सहा तास कधीपासून मोजतात?"

मी सांगितलं. नेत्रपेढीचा नंबर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून घेतला आणि फोनच्या वरच्या खिळ्याला अडकवला. पंखा बंद करायचा, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.